कपात त्यांना, कात्री आम्हाला



सरकारने कर कमी केला अशी बातमी आली की शहरात पेढे वाटतात आणि गावात माणसे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मग शहरातले शहाणे म्हणतात, 'या लोकांना अर्थशास्त्र कळत नाही. मंदी आली की कर कमी करावा, लोकांच्या हातात पैसा राहतो, बाजार हलतो, कारखाने चालतात. एवढी साधी गोष्ट यांच्या डोक्यात शिरत नाही.'

आम्हाला अर्थशास्त्र कळत नसेल. हिशेब कळतो. ज्याने आयुष्यभर सावकाराच्या वहीत, सोसायटीच्या खात्यात आणि अडत्याच्या पट्टीवर आपले नाव वाचले, त्याला हिशेब शिकवायला कुणी यायला नको. एका ओळीत सूट दाखवायची आणि खालच्या तीन ओळींत हमाली, तोलाई, कट्टी म्हणून ती वळती करायची, हा खेळ आम्ही बारा महिने बघतो. म्हणून करकपात म्हटली की आमच्या मनात शंका येते. ही शंका अडाणीपणाची नाही, अनुभवाची आहे. ती खरी की खोटी, हे कागदावर तपासून बघू.

आधीच एक सांगून ठेवतो. आम्ही कराच्या बाजूचे नाही. सरकारने कमीत कमी कर घ्यावा, कमीत कमी लुडबूड करावी आणि माणसाला त्याच्या घामाचे दाम मिळू द्यावेत, हेच आमचे म्हणणे. कर कमी केला याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती कुणाचा कमी केला आणि तो खड्डा कुणाच्या मातीने भरला याबद्दल.

पणजीची घोषणा

२०१९ साल आठवा. देशात मंदी होती, ती लपवता येण्यासारखी राहिली नव्हती. एप्रिल ते जून या तिमाहीत वाढीचा दर ५ टक्क्यांवर आला होता, पुढच्या तिमाहीत तो ४.५ वर उतरला. ऑगस्ट महिन्यात मोटारगाड्यांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांनी घटली. मोटारीचे सोडा, पाच रुपयांचा बिस्किटपुडा खपेना. बिस्किटवाले कारखानदार उघड सांगू लागले की खेड्यातले गिऱ्हाईक पाच रुपयांसाठीसुद्धा दोनदा विचार करते आहे, बिस्किटावरचा १८ टक्के जीएसटी कमी करा, नाहीतर कामगार कमी करावे लागतील.

त्यावर २० सप्टेंबर २०१९ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी पणजीत घोषणा केली. बिस्किटाचा कर कमी झाला नाही. कंपन्यांच्या नफ्यावरचा कर कमी झाला. मूळ दर ३० टक्क्यांवरून २२ टक्क्यांवर आला, अधिभार आणि उपकर धरून २५.१७ टक्के. नव्याने निघणाऱ्या कारखान्यांसाठी १५ टक्के. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे तिजोरीला यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा खड्डा पडणार होता. त्या एका दिवसात मुंबईचा शेअरबाजार १,९२१ अंकांनी उसळला.

त्याच वर्षी जुलैच्या अर्थसंकल्पात याच अर्थमंत्र्यांनी ४०० कोटींपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांचा दर २५ टक्के केला होता आणि सांगितले होते की देशातल्या ९९.३ टक्के कंपन्या यात आल्या, फक्त ०.७ टक्के बाहेर राहिल्या. म्हणजे सप्टेंबरमध्ये लहान कंपन्यांना २५ वरून २२ म्हणजे तीन टक्क्यांचा लाभ मिळाला आणि त्या ०.७ टक्के बड्यांना ३० वरून २२ म्हणजे आठ टक्क्यांचा. जो जितका मोठा, त्याला तितके मोठे ताट.

आमच्या गावच्या पारावर त्या संध्याकाळी एका म्हाताऱ्याने विचारले, 'नफ्यावरचा कर माफ केला म्हणता. पण माल खपत नाही म्हणून तर रड होती ना? खपत नाही तर नफा कुठला? आणि नफा आहे तर रड कशाची?' त्याला उत्तर देणारे पारावर कुणी नव्हते. दिल्लीतही नव्हते.

गिऱ्हाईक कुठे गेले?

मंदी म्हणजे काय, हे आम्ही आठवडी बाजारात बघतो. दुकानात माल आहे, दुकानदार आहे, फक्त गिऱ्हाईक नाही. अशा वेळी दुकानदाराच्या गल्ल्यात आणखी पैसे टाकले तर काय होईल? तो आणखी माल भरील? ज्याच्या फळीवरचा जुना माल धूळ खात पडला आहे, तो नवा माल कशाला भरील? तो आधी आपली उधारी फेडील, उरलेले गाठीला बांधील. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते.

आणि तसेच झाले. हे आमचे म्हणणे नाही. रिझर्व्ह बँकेने २०१९-२० च्या आपल्या वार्षिक अहवालात लिहिले की करकपातीतून मिळालेला पैसा कंपन्यांनी कर्ज फेडण्यात आणि रोख शिल्लक वाढवण्यात घातला, नव्या कारखान्यांत आणि यंत्रांत गुंतवणूक सुरू झाली नाही. तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, खुद्द अर्थमंत्री उद्योगपतींच्या सभेत विचारत होत्या की कर कमी केला, सवलती दिल्या, मग तुम्ही गुंतवणूक का करत नाही? हनुमानाला आपल्या शक्तीचा विसर पडला होता, तसे तुमचे झाले आहे का? बिचाऱ्या अर्थमंत्री! जांबुवंताच्या भूमिकेत उभ्या राहिल्या, पण समोरचा हनुमान समुद्र ओलांडायला निघालाच नव्हता. त्याला द्रोणागिरी आणायचा नव्हता, मिळालेला प्रसाद सांभाळायचा होता.

गिऱ्हाईक गेले कुठे, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही. गिऱ्हाईक इथेच होते, आमच्या घरात. २०१६ च्या नोटाबंदीने ज्याचा शेतमाल मातीमोल गेला, २०१७ साली ज्याच्या पऱ्हाटीत गुलाबी बोंडअळी शिरली, २०१८ साली महाराष्ट्राच्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा ज्याची जमीन भेगाळली, तेच हे गिऱ्हाईक. सरकारच्या स्वतःच्या पाहणीत, २०१७-१८ साली, खेड्यातल्या माणसाचा महिन्याचा खर्च सहा वर्षांपूर्वीपेक्षा ८.८ टक्क्यांनी घटल्याचे निघाले. हा आकडा वर्तमानपत्रात फुटला, तेव्हा सरकारने काय केले? नोव्हेंबर २०१९ मध्ये आकडेवारीच्या दर्जाचे कारण सांगून ती पाहणीच बाजूला ठेवली. ताप आला म्हणून थर्मामीटर फोडण्याचा हा प्रकार.

आता त्या १ लाख ४५ हजार कोटींचा आकार बघा. त्याच वर्षी देशभरातल्या साडेचौदा कोटी शेतकऱ्यांना वर्षाला सहा हजार रुपये द्यायचे तर सुमारे ८७ हजार कोटी लागतील, असा सरकारचा अंदाज होता. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात रोजगार हमीसाठी ६० हजार कोटी ठेवले होते. या दोन्हींची बेरीज करा, १ लाख ४७ हजार कोटी. म्हणजे देशातल्या सगळ्या शेतकऱ्यांचे आणि सगळ्या मजुरांचे मिळून जे ताट मांडले, जवळजवळ तेवढेच ताट कंपन्यांपुढे एका सकाळी मांडले गेले. आमच्या ताटाला म्हणतात 'खैरात'. त्यांच्या ताटाला म्हणतात 'सुधारणा'.

आणि त्या सकाळनंतर बरोबर नऊ दिवसांनी, २९ सप्टेंबर २०१९ रोजी, कांद्याची निर्यात बंद करण्यात आली. का? तर कांद्याला चार पैसे मिळू लागले होते. पुढे ऑक्टोबरच्या शेवटी परतीच्या पावसाने महाराष्ट्रात हाहाकार केला. वेचणीला आलेला कापूस झाडावर भिजला, ज्वारीची कणसे काळी पडली, सोयाबीनला गंजीत कोंब फुटले. राज्यात राष्ट्रपती राजवट होती. राज्यपालांनी खरिपाच्या पिकांना मदत जाहीर केली, हेक्टरी ८,००० रुपये, तीही दोन हेक्टरांपर्यंत. म्हणजे एकरी सव्वातीन हजारांच्या आसपास. एका एकराच्या वेचणीची मजुरी तरी त्यातून निघते का, ते तुम्हीच सांगा.

त्यांची बाजूही ऐकू

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. नाहीतर आपल्यात आणि टीव्हीवर ओरडणाऱ्यांत फरक काय?

ते म्हणतात, शेजारच्या देशांत कंपन्यांवरचा कर कमी होता, आपण तो चढा ठेवला असता तर कारखाने तिकडे गेले असते. हे खरे आहे. ते म्हणतात, करकपातीला सहा महिने झाले नाहीत तोच करोना आला, मग तिचा गुण दिसणार कसा? हेही खोटे नाही. ते म्हणतात, कंपन्यांकडून मिळणारा कर पुढे वाढला. तेही खरे. २०१८-१९ साली तो ६ लाख ६३ हजार कोटी होता, २०१९-२० साली ५ लाख ५७ हजार कोटींवर घसरला आणि २०२३-२४ साली ९ लाख ११ हजार कोटींवर गेला.

पण हा कर वाढला तो कशाने? सरकारचाच २०२३-२४ चा आर्थिक पाहणी अहवाल सांगतो की २०१९-२० ते २०२२-२३ या तीन वर्षांत कंपन्यांचा करापूर्वीचा नफा जवळजवळ चौपट झाला आणि नोकरभरती व पगार मात्र त्या मानाने वाढले नाहीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी कपात केली असे सांगितले, गुंतवणूक आणि रोजगार, त्या मागे राहिल्या. जी गोष्ट सांगितली नव्हती, ती चौपट झाली. २०१८-१९ साली कंपन्यांचा कर हा लोकांच्या प्राप्तिकरापेक्षा कितीतरी अधिक होता. २०२३-२४ पर्यंत पारडे फिरले. व्यक्तींचा प्राप्तिकर १० लाख कोटींच्या वर गेला आणि कंपन्यांचा त्याच्या खाली राहिला. गाडी तीच, ओझे तेच, फक्त एका बैलाच्या मानेवरचे जू उचलून दुसऱ्याच्या मानेवर सरकवले.

वाटणीची वाटी आणि घरचा डबा

आता जी गोष्ट सभेत कुणी सांगत नाही, ती नीट समजून घ्या.

केंद्र सरकार जे कर गोळा करते, त्यातल्या काही करांत राज्यांची वाटणी असते. कंपन्यांचा कर हा असा वाटणीचा कर. तेव्हा त्यात राज्यांचा हिस्सा ४२ टक्के होता. म्हणजे केंद्राने कंपन्यांना १०० रुपयांची सूट दिली की त्यातले सुमारे ४२ रुपये राज्यांच्या ताटातून गेले. महाराष्ट्राच्याही. शाळा, दवाखाना, गावचा रस्ता, अतिवृष्टीची मदत, हे सगळे राज्याच्या ताटातले पदार्थ. दान दिल्लीने केले आणि उपास घडला आम्हाला.

मग खड्डा भरायला केंद्राने काय वाढवले? अधिभार आणि उपकर. त्यांत राज्यांची वाटणी नसते. जे कमी केले ते वाटणीच्या वाटीतून. जे वाढवले ते सरळ घरच्या डब्यात.

डिझेलचे उदाहरण घ्या. २०२० च्या मार्चमध्ये जगात कच्च्या तेलाचे भाव कोसळू लागले. आपल्याकडे डिझेल स्वस्त व्हायला हवे होते. ते होऊ दिले नाही. मार्चमध्ये लिटरमागे ३ रुपये उत्पादन शुल्क वाढवले. मे २०२० मध्ये पेट्रोलवर आणखी १० आणि डिझेलवर १३ रुपये. डिझेलच्या एका लिटरवर केंद्राचा कर ३१ रुपये ८३ पैसे झाला आणि त्यातला बहुतेक भाग वाटणीबाहेरचा होता. राज्य सरकारही मागे राहिले नाही. महाराष्ट्राने १ जून २०२० पासून आपले दोन रुपये त्यावर चढवले. मुंबईत आणि दिल्लीत एकमेकांच्या विरोधातली सरकारे होती, पण शेतकऱ्याच्या टाकीत हात घालताना दोघांचे एकमत होते.

केंद्राला पेट्रोल-डिझेलवरच्या उत्पादन शुल्कातून २०१९-२० साली सुमारे २ लाख २३ हजार कोटी मिळाले होते. २०२०-२१ साली, टाळेबंदीत अर्ध्या गाड्या उभ्या असताना, ३ लाख ७२ हजार कोटींच्या घरात मिळाले. वाढ किती? जवळजवळ दीड लाख कोटी. आणि कंपन्यांना सोडलेले होते १ लाख ४५ हजार कोटी. दोन आकडे शेजारी ठेवा आणि डोळे मिटून बसा. यापुढे काही समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये डिझेलवर १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, तेव्हा जाहिराती झाल्या की सरकारने करकपात केली. आधी गळ्याभोवतीची दोरी आवळायची आणि मग थोडी सैल केली म्हणून आभार मागायचे!

आम्ही कर भरत नाही?

शहरात एक गोष्ट सारखी ऐकू येते. शेतकरी कर भरत नाही. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, मग यांना कराबद्दल बोलायचा अधिकार काय?

चला, हिशेब करू. धरा, नांगरट, रोटाव्हेटर आणि बाजारापर्यंतची वाहतूक मिळून एकराला वर्षाला १५ लिटर डिझेल लागते. २०२० च्या ३१ रुपये ८३ पैशांच्या हिशेबाने एकरी ४७७ रुपये एकट्या केंद्राचे झाले. राज्याचा कर वेगळा. पाच एकरवाल्याने २,३८७ रुपये दिले. त्याच्या नावावर पावती नाही, पण पैसे त्याच्याच कनवटीतून गेले.

फवारणीचे औषध घ्या. त्यावर १८ टक्के जीएसटी. हजार रुपयांचे बिल केले की त्यात सुमारे १५३ रुपये कर असतो. पऱ्हाटीवर हंगामात किती फवारण्या होतात, ते तुम्हाला सांगायला नको. आता यातली मेख पाहा. कारखानदार जो कच्चा माल घेतो, त्यावर भरलेला जीएसटी त्याला पुढच्या करातून वजा करून मिळतो. दुकानदाराला मिळतो. साखळीतल्या प्रत्येकाला मिळतो. शेतकऱ्याला मिळत नाही, कारण तो जीएसटीच्या नोंदणीतच नाही. त्याने औषधावर, पंपावर, पाइपावर भरलेला कर तिथेच जिरतो, उत्पादनखर्चात गाडला जातो. आणि विकताना भाव ठरवणारा तो नसतो, म्हणून तो कर पुढे ढकलताही येत नाही. सगळ्या साखळीत कर पचवणारा एकच प्राणी, तो म्हणजे आपण.

आणि सगळ्यात मोठा कर तर कुठल्याच कायद्यात लिहिलेला नाही. तो भावातून घेतला जातो. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली, तेव्हा दिल्लीत दुसऱ्या पक्षाचे सरकार होते. भाव पडले. तो पडलेला भाव हाच आमच्यावरचा कर. पक्ष बदलले, कर तोच राहिला.

कापसावरची 'करमाफी'

आता अलीकडचे बघा, म्हणजे जुन्या गोष्टी उकरतो असे कुणी म्हणणार नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारताच्या मालावर ५० टक्के आयातकर लावला. कापड आणि तयार कपड्यांच्या कारखान्यांवर मंदीचे सावट आले. संकट खरे होते, नाकारण्यात अर्थ नाही. त्यावर सरकारने काय उपाय काढला? परदेशातून येणाऱ्या कापसावरचा ११ टक्के कर माफ केला. १९ ऑगस्टपासून ३० सप्टेंबरपर्यंत, असे आधी सांगितले. दहा दिवसही झाले नाहीत तो मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढवली.

ही तारीख नीट बघा. सीतादही करून आमच्याकडे पहिला वेचा सुरू होतो आणि दसरा-दिवाळीला कापूस घरात येतो. डिसेंबरपर्यंत कोरडवाहू शेतकऱ्याने बराचसा माल विकलेला असतो, कारण त्याला थांबता येत नाही. सोसायटी, दुकानदार, मजूर सगळे दारात उभे असतात. म्हणजे आमची विकायची मुदत आणि त्यांची करमाफीची मुदत तंतोतंत एक.

ही करमाफी आमच्या खिशातून कशी जाते, ते सोपे आहे. परदेशातली रुई शंभर रुपयांची असेल, तर कर धरून ती सूतगिरणीच्या दारात १११ रुपयांना पडत होती. तेव्हा इथल्या रुईला गिरणी १११ पर्यंत चढू शकत होती. कर गेला, ती शंभराला पडू लागली. आता इथल्या रुईला गिरणी शंभराच्या वर का जाईल? करमाफी गिरणीला झाली आणि ती तिजोरीतून कमी आणि आमच्या वजनकाट्यावरून जास्त झाली. त्या हंगामात मध्यम धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये होता. दिवाळीला खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याने तुम्हाला काय दिले, ते तुमच्या घरातल्या पट्टीवर लिहिलेले आहे. सरकारी खरेदीला जावे तर आधी मोबाइलवर नोंदणी, मग ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात आणि बाराच्या वर गेला की गाडी परत.

त्याच सुमारास, २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर उतरले. बिस्किटाचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. २०१९ साली मागितलेली गोष्ट सहा वर्षांनी मिळाली. ट्रॅक्टरचा १२ वरून ५ झाला, ठिबक आणि तुषार संचाचाही झाला. चांगले झाले, आम्ही स्वागत करतो. पण ज्याला पाणीच नाही, तो ठिबक कुठे लावणार? कोरडवाहूवाला दर महिन्याला जे विकत घेतो, ते फवारणीचे रासायनिक औषध, ते १८ वरच राहिले. आणि एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नाही. कृत्रिम धाग्याच्या तंतूवरचा कर १८ वरून ५ केला. कापसावर तो आधीपासून ५ होता. म्हणजे पॉलिस्टरच्या पुढे कापसाला जी थोडीशी चाल होती, तीही गेली.

आम्ही खुल्या व्यापाराला भीत नाही. दार उघडायचे तर दोन्ही बाजूंनी उघडा. आमचा माल महाग झाला की बाहेर जाणारे दार बंद, आणि आमचा माल घरात आला की आत येणारे दार सताड उघडे, याला खुला व्यापार म्हणत नाहीत. याला सापळा म्हणतात.

१९७२ आठवा

मंदीत, दुष्काळात सरकारने दुसरे काही करता येत नाही का? येते. याच महाराष्ट्राने ते केले आहे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या आयाबापांनी खडी फोडली, बंडिंगची कामे केली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी तेव्हा राज्यभर पसरली. पैसा कुठून आला? १९७५ साली राज्याने व्यवसाय कराचा कायदा केला. शहरातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, वकील-डॉक्टरांकडून वर्षाला थोडे थोडे पैसे घेतले आणि ते खेड्यातल्या मजुरीसाठी लावले. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदाच केला. त्या योजनेत खोटे हजेरीपट होते, चोऱ्या होत्या, हे आम्ही विसरलो नाही. पण दिशा बघा. संकटाच्या काळात ज्याच्याकडे होते त्याच्याकडून घेतले आणि ज्याच्या हाताला काम नव्हते त्याला दिले. त्या मजुराने तो पैसा शेअरबाजारात नेला नाही. शनिवारच्या बाजारात नेला. मीठ-मिरची घेतली, लुगडे घेतले. दुकानदाराचा गल्ला हलला, गिरणीचे कापड खपले. पैसा खालून वर चढतो, पाण्यासारखा वरून खाली येत नाही. वरच्या धरणात भरलेले पाणी शेवटच्या चारीला किती येते, हे कोरडवाहूवाल्याला कुणी शिकवू नये.

आता काय करायचे?

केवळ शंका घेऊन भागणार नाही. शंकेचे रूपांतर मागणीत झाले पाहिजे. जिल्हा मेळाव्यात चार ठराव मांडायचे आहेत. गावोगाव त्यावर आधी चर्चा करा.

१) शेतमालाच्या आयातीवरचा कर हंगामात माफ केला, तर त्या हंगामात बाजारभाव आणि हमीभाव यांतला फरक सरकारने शेतकऱ्याच्या खात्यात भरावा. गिरणीला द्यायचे तर तिजोरीतून द्या, आमच्या काट्यावरून नको.

२) औषधे, खते, अवजारे यांवर शेतकऱ्याने भरलेला जीएसटी त्याला परत मिळावा किंवा तो शून्य व्हावा. कारखानदाराला वजावट मिळते, तर कास्तकाराला का नाही?

३) अधिभार आणि उपकर यांतही राज्यांना वाटणी मिळावी. नाहीतर अतिवृष्टीची मदत मागायला गेलो की मुंबई दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे.

४) कोणतीही मोठी करकपात केली की एका वर्षाने तिचा हिशेब संसदेपुढे ठेवावा. किती सोडले, कुणाला मिळाले, किती हातांना काम मिळाले. सोसायटीचे पाच हजारांचे कर्ज घेतले तरी आम्हाला हिशेब द्यावा लागतो, मग लाख कोटींचा का नको?

मेळाव्याला येताना रिकाम्या हाताने येऊ नका. मागच्या हंगामातली फवारणीच्या औषधाची बिले आणा. डिझेलच्या पावत्या आणा. कापूस विकल्याची पट्टी आणा. बिल हरवले असेल तर दुकानदाराच्या वहीतून उतरवून आणा. मंडपाच्या दाराशी एक टेबल असेल. तिथे बसलेली आपलीच शिकलेली पोरे प्रत्येकाच्या कागदावरून दोन आकडे काढतील. या घराने वर्षात किती कर भरला आणि हमीभावापेक्षा किती कमी घेतले. गावाची बेरीज, तालुक्याची बेरीज, जिल्ह्याची बेरीज. ती बेरीज कापडी फलकावर लिहून जिल्हाधिकारी कचेरीच्या दारात लावू.

मग पुढच्या वेळी कुणी म्हणाले की शेतकरी कर भरत नाही, तर वाद घालायचा नाही. त्याला त्या फलकापुढे नेऊन उभे करायचे.